कलम तीन आणि मातेऱ्याचा बिबडा

एखाद्या पदार्थाला गावाचं नाव द्यायचं ठरलं, तर ते गाव कोणाचं धरायचं? ज्यांच्या खळ्यात ज्वारीची रास पडते त्यांचं, की रास उचलल्यावर खाली उरलेलं जी झाडून नेते तिचं? वाचणाऱ्यांनो, उत्तराची घाई करू नका. मी केली होती. उत्तर छापूनही टाकलं होतं, गुलाबी कागदावर, पाचशे प्रती.

शेवंतामावशी, प्रश्न तुझाच आहे. तू गेल्यावर सतरा दिवसांनी मी तो चारचौघांत मांडते आहे. तू असतीस तर हसून म्हणाली असतीस, "लोकाईले काऊन इचारून राह्यली व? मले इचार ना."

आता तुलाच विचारता येत नाही, म्हणून लोकांना.

त्या दुपारी तू अंगणात मातेरं धूत बसली होतीस. आपल्या वरवट बकाल गावाबाहेर हे वाचणाऱ्यांसाठी सांगते: रास भरून झाली की तळाशी मातीत मिसळलेले, फुटके, बारके दाणे उरतात, ते मातेरं. खळं झाडणाऱ्या बाईला ते मिळायचं. आता मळणीयंत्र आलं, तरी ताडपत्रीच्या घड्यांत ते उरतंच, आणि तू ते आणायचीसच. घमेल्यात पाणी ओतायचं, हात फिरवायचा, माती खाली बसली की दाणा अलगद दुसऱ्या घमेल्यात घ्यायचा. सात पाणी. मी मोजलं होतं, कारण त्या दिवशी मला सगळंच मोजायचं होतं. मी नियम लिहायला निघाले होते.

आपल्या बायकांच्या गटानं बिबडे, म्हणजे आंबवलेल्या ज्वारीचे पापड, शहरात पाठवायचं ठरवलं होतं. पाकिटावर मोठ्या अक्षरात गावाचं नाव येणार होतं. तालुक्याला प्रशिक्षण झालं, तिथले साहेब म्हणाले, गावाचं नाव लावायचं तर आधी नियम लिहून काढा: दाणा कोणता, पाणी कोणतं, किती दिवस भिजवायचं, कसं वाळवायचं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. गटाच्या अध्यक्ष विमलकाकू म्हणाल्या, "लिवनारी पोट्टी हाय ना आपली."

लिहिणारी तर होतेच. माझ्या बाबांनी मला अक्षरओळख पत्रकांवरून करून दिली. बाराखडी पूर्ण येण्याआधी मला 'जाहीर' आणि 'निषेध' हे शब्द लांबून ओळखता येत. बाबा बसस्टँडवर पत्रकं वाटत, उरलेल्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवायची. गणित चुकलं तर खोडायचं. पुढच्या बाजूला जे छापलेलं असे ते मात्र कधी चुकत नाही, असं मला खूप वर्षं वाटत होतं.

तर नियम कसे लिहितात ते पाहायला मी फोन उघडला आणि इटलीत जाऊन पोचले. तिथं वेरोना नावाच्या शहराजवळ वाल्पोलिचेल्ला म्हणून एक डोंगराळ पट्टा आहे. तिथल्या वाइनला त्या पट्ट्याचं नाव लावायचं असेल तर सरकारदरबारी मंजूर झालेली एक मोठी नियमावली पाळावी लागते. कोणत्या गावांचं शिवार आत आणि कोणतं बाहेर, कोणत्या जातीचे वेल, कुठल्या जातीची द्राक्षं किती प्रमाणात, सगळं लिहिलेलं. मला ते वाचून इतका आनंद झाला की मी सायकल काढून थेट तुझ्याकडे आले.

"मावशी, दारूचे नियम सापडले."

"दारूचे बी नियम असतेत?" तुझा हात घमेल्यातच होता. "आपल्याइथं तं लोकं पेल्यावर नियम मोडतेत."

मी जरा ओशाळले. दर रविवारी विहारात पंचशील म्हणणारी तू. पाचवं शील तर दारूचंच. म्हटलं, जाऊ दे, दुसरं काही सांगते.

"काऊन? सांग ना. पेत नाई मी, इचारून राह्यली. इचारल्यानं शील मोडत नाई."

मग मी सांगितलं. त्या पट्ट्यात रेचोतो नावाची एक गोड वाइन होते. तिच्यासाठी द्राक्षं तोडली की लगेच चिरडत नाहीत. हवेशीर माळ्यांवर थरांनी पसरून महिनोन्‌महिने सुकवतात, पूर्वी बांबूच्या चटयांवर सुकवायचे. घड आक्रसतात, गोडी दाटते. डिसेंबर लागल्याशिवाय ती चिरडायची नाहीत, असा नियमच आहे. पंखा लावला तर चालतो, पण गरम हवेनं ओल काढायची नाही. आणि तिचं नाव म्हणे त्यांच्या बोलीतल्या कान या शब्दावरून आलंय. घडाच्या वरच्या अंगाला दोन्हीकडे जे झुबके सुटतात, ज्यांना ऊन जास्त मिळतं, ते घडाचे कान.

"घडाले कान!" तू एवढी हसलीस की पाणी सांडलं. मग एकदम गंभीर झालीस. तुझे प्रश्न सुरू झाले. मावशी, तेव्हा मला ते प्रश्न गमतीचे वाटले होते. आज एकेक आठवून मी त्यांच्यामागे जाते आहे.

"वायत घातलेल्या द्राक्षावर माशा बसत नाईत का?"

"एवढे महिने राखन कोन करते? बाया असतीन."

"एका घराचा घड सडला तं बाकीचे सांगतेत का लपवतेत?"

आणि मग, हात पुसत, "रस काढल्यावर चोथा उरत असन. त्याचं काय करतेत?"

"टाकून देत असतील," मी म्हटलं.

"वावरातलं कोनी टाकत नाई. वाच पुढं."

मी पुढं वाचलं नाही. मला जे हवं होतं ते मिळालं होतं. म्हटलं, "पुढचं महत्त्वाचं नाही, मावशी," आणि सायकलला टांग मारली. आपलं ते शेवटचं बोलणं होतं असं मी म्हणणार नाही, त्यानंतर आपण मोठ्यानं भांडलो. पण चुकले मी तिथंच.

त्यानंतर पंधरा दिवस मी नियम लिहीत होते आणि स्वतःवर खूश होते. कलम दोन पाण्याचं. काही जणींचं म्हणणं होतं की शुद्ध पाण्याच्या कॅनचं पाणी घ्यावं, शहरातल्या गिऱ्हाइकाला बरं वाटतं. मी भांडले. आपल्या विहिरींचं पाणी खारं आहे, त्यात डाळ शिजत नाही, पाहुणा पहिल्या घोटाला तोंड वाकडं करतो, पण बिबड्याची चव त्याच पाण्याची आहे. तूच सांगितलं होतंस, मीठ चिमटीनं कमी घाल, पाण्यानं आधीच घातलेलं असतं. ते कलम मी जिंकले. कलम पाच वाळवण्याचं. विजेवर गरम हवा सोडणारं यंत्र आणू, बारा महिने बिबडे करू, असं काहींचं म्हणणं होतं. मी इटलीचा दाखला दिला. कापड, बाज आणि ऊन, बाकी काही नाही. तेही जिंकले.

कलम तीन दाण्याचं. त्यासाठी मी विमलकाकूंच्या घरी गेले, कारण ज्वारी त्यांच्या वावरात होते. त्यांनी कोठीतून ओंजळभर दाणे काढून दाखवले, पांढरेशुभ्र, मोत्यासारखे. मी लिहिलं: 'ज्वारी पांढरी, टपोरी व अखंड दाण्याचीच असावी. ती पूर्ण तीन दिवस भिजवलीच पाहिजे.' या कलमावर कोणी भांडलं नाही. ज्या वाक्यावर कोणीच भांडत नाही ते बरोबर असतं, असं मला वाटलं.

छापून आल्यावर पहिली प्रत तुला वाचून दाखवायला आले. तू बिबडे घालत होतीस. चुलीवरच्या पातेल्यात घाटा रटरटत होता, लसूण, तीळ, मिरची, आणि ज्वारीच्या आंबुसपणाचा तो वास. ओल्या कापडावर गोळा टाकायचीस आणि पाण्याचा हात फिरवून असा गोल पसरवायचीस की परकाराची गरज नाही. मी कलम एक वाचलं, दोन वाचलं. तीन वाचल्यावर तुझा हात थांबला.

"अखंड दाना?"

"हो."

"मंग माहा बिबडा कोन्या गावचा व?"

मला कळायला वेळ लागला, मावशी. खरंच लागला. तुझ्या घमेल्यातला दाणा फुटका होता, कुठं लाल, कुठं पिवळा, दहा वावरांचा मिळून. फुटका दाणा लवकर आंबतो, तीन दिवस ठेवला तर नासतो, म्हणून तू दोनच दिवस भिजवायचीस. तेही मोजून नाही. दुसऱ्या सांजेला एक दाणा दाताखाली धरायचीस. तुझा बिबडा थोडा तांबूस, थोडा जास्त आंबट. गावात ज्याला त्याला माहीत होता.

मला कळलं, तरी मी माघार घेतली नाही. छापलेलं होतं ना. मी म्हटलं, "एकासाठी नियम वाकवला की तो नियम राहत नाही, मावशी."

"मी कुठी म्हनली वाकव? मी इचारून राह्यली, केला कोनाले इचारून?"

"गटाला विचारून."

"गटात मी नाई का?"

"तू त्या दिवशी नव्हतीस."

"त्या दिशी मी वावरात होती. निंदाले." तू पुन्हा हात ओला केलास. "तुह्या पत्रकात 'झालंच पायजे' लई असते पोरी. 'काऊन' एकदा बी नाई."

मी उठून आले. दारातून म्हटलं की तत्त्वाच्या गोष्टी अशा चुलीपाशी ठरत नसतात. हे वाक्य मला आजही पाठ आहे. विसरायची मुभा मी स्वतःला देणार नाही.

मग मार्चमध्ये पाकिटं भरायचा दिवस आला. समाजमंदिरात सगळ्या जणी आपापली टोपली घेऊन आल्या. तूही आलीस, टोपल्यावर धुतलेलं लुगड्याचं फडकं टाकून. विमलकाकूंनी एक बिबडा मोडला, तोंडात टाकला, डोळे मिटले. "शेवंताबाई, चवीले तोड नाई तुमच्या." मग टेबलावरचं गुलाबी पत्रक तुझ्याकडे सरकवलं. "पन कागद पाहा."

तू कागदाकडे पाहिलं नाहीस. वाचता येत नव्हतंच. तू माझ्याकडे पाहिलंस.

मी कागदाकडे पाहिलं.

एवढंच झालं. कोणी ओरडलं नाही, कोणी वाईट बोललं नाही. तू फडकं नीट झाकलंस आणि म्हणालीस, "चाला, घरीच खाऊ मंग." आणि गेलीस.

तूच मला सांगितलं होतंस की तुझ्या तरुणपणी मोठ्या घरच्या अंगणात तू ज्वारी धुवायला चालायचीस, दळायला चालायचीस, घाटा शिजवायला नाही. चुलीपासून दोन हात लांब बसायचं. या वर्षी पहिल्यांदा साऱ्या घरांचे बिबडे एका पाकिटात, एका नावाखाली जाणार होते. त्या अंतराविरुद्धची पत्रकं वाचत मी लहानाची मोठी झाले. आणि तेच दोन हात अंतर मी परत आखलं. जातीचं नाव कुठंच नव्हतं. मी फक्त दाणा लिहिला होता.

आठ दिवस मी तुझ्या गल्लीतून गेले नाही. तूच आईबरोबर वाटीभर घाटा पाठवलास, वर कच्चं तेल आणि तिखट. आई म्हणाली, "मावशीनं सांगतलं, गरम खाजो म्हना, थंडा झाला तं चव जाते." मी खाल्ला. वाटी धुऊन ठेवली. ती परत करायला जाईन तेव्हा बोलू असं ठरवलं. वाटी अजून आमच्याच मांडणीवर आहे.

तू गेलीस तेव्हा बाजेवर कापड तसंच होतं. आदल्या दिवशी बिबडे घातले होतेस, उलटवायचे राहिले होते. चार दिवस सगळी माणसं येत-जात होती, तुझा मुलगा सुरतेहून येऊन गेला, कोणाचं त्या बाजेकडे लक्ष गेलं नाही. पाचव्या दिवशी आईला दिसलं. कापड कडक होऊन पापडासारखंच वाजत होतं. मी म्हटलं, गेले आता हे. आई म्हणाली, "नाई जात." आम्ही दोघींनी कापड उलटं केलं, पाठीमागून पाण्याचा हबका मारला, थोडं थांबलो. एकेक बिबडा कडेनं सुटत गेला. तांबूस, पातळ, उजेडात धरला की पलीकडची बोटं दिसतील असा. एकही फाटला नाही. मी मोजले नाहीत.

त्या संध्याकाळी मी इटलीची नियमावली पुन्हा उघडली. दुःखात माणूस काय करेल सांगता येत नाही. मला वाटलं, मावशीनं 'वाच पुढं' म्हटलं होतं, तेवढं तरी करावं. फोननं केलेलं भाषांतर दगडासारखं होतं. एकेक ओळ फोडत गेले. आणि सापडलं.

मावशी, टाकत नाहीत.

सुकवलेल्या द्राक्षांचा रस काढल्यावर जो चोथा उरतो, त्यावर ते ताजी, साधी वाइन ओततात. चोथ्यात उरलेली गोडी आणि रग तिच्यात उतरते, ती पुन्हा आंबू लागते. त्यातून जी वाइन तयार होते तिला म्हणतात रिपास्सो. आणि तिलाही त्या पट्ट्याचं नाव लावता येतं. चोरून नाही, कोणाच्या मेहेरबानीनं नाही. कायद्यानं, तिच्या स्वतःच्या वेगळ्या नियमांनी. चोथा कोणता, वर ओतायची वाइन कोणती, सगळं लिहिलेलं. उरलेल्यालाही कागद आहे.

मी चप्पल न घालता तुझ्या घराकडे निघाले. कुलूप दिसल्यावर आठवलं.

त्यांचं सगळं मला पटलंय असं समजू नकोस. तुझा दुसरा प्रश्न, राखण कोण करतं, त्याचं उत्तर मी त्या नियमावलीत शोधलं. वेल कसे लावायचे ते आहे, घडांचं वजन आहे, महिने आहेत. हात कोणाचे ते नाही. माशांचंही मला अजून कळलेलं नाही. सडलेला घड लपवतात का, हे तर कोणी लिहून ठेवणारच नाही. पण आता हे प्रश्न मला गप्प बसू देत नाहीत, आणि त्याबद्दल मी तुझी ऋणी आहे. मला घोषणा येत होत्या. घमेल्यात हात फिरवत थांबणं येत नव्हतं, माती खाली बसेपर्यंत.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी आईनं ते बिबडे तळले. वंदना झाली, जेवणं झाली. विमलकाकू आल्या होत्या. त्यांनी एक खाल्ला. दुसरा घेतला. मग आईला विचारलं, "शेवंताबाईचेच ना?"

"हाव. आखरीचे."

काकूंनी तिसरा रुमालात गुंडाळला. जाताना माझ्यापाशी थांबल्या. मला वाटलं काही सांत्वनाचं बोलतील. त्या म्हणाल्या, "त्या कागदाचं पाहा बाई आता. तू लिवलं, तूच खोड."

"सभेत तुम्ही हो म्हणाल?"

"माही ज्वारी पांढरीच राह्यनार," त्या म्हणाल्या. "पन चव कोनाची होती ते मले मालूम हाये. तोंडानं बी सांगीन."

पण मी एकटीनं खोडून भागणार नाही, मावशी. पाचशे प्रती मी स्वतः वाटल्या आहेत. पिठाच्या गिरणीत, बाजाराच्या दिवशी, शेजारच्या गावांतसुद्धा. दोन गावांच्या गटांनी म्हणे ते कलम जसंच्या तसं उतरवून घेतलं. तिथंही कोणी ना कोणी शेवंता टोपलं झाकून घरी गेली असेल.

म्हणून आता वाचणाऱ्यांनो, तुमच्याकडे वळते.

तुमच्या घरी, गिरणीत, दुकानाच्या भिंतीवर ते गुलाबी पत्रक असेल तर काढा. कलम तीनवर एक आडवी रेघ मारा. गिचमिड करू नका. खालचं वाचता आलं पाहिजे, चूक दिसत राहिली पाहिजे. त्याखाली हे लिहा: 'ज्वारी राशीतली असो की मातेऱ्यातली, बिबडा गावचाच. किती दिवस भिजवायची ते दाणा दाताखाली धरून ठरवावं.' पुढं आपली सही करा. सही येत नसेल तर अंगठा उठवा; हे कलम जिचं आहे तिचाही अंगठाच होता. आणि पुढच्या पौर्णिमेला गटाची सभा आहे, समाजमंदिरात, दुपारी. ते पत्रक घेऊन या. ज्या बाईला त्या दुपारी निंदायला जायचं असेल तिचं पत्रक शेजारणीनं आणावं, तिचं मत धरलं जाईल.

दाणा अखंडच हवा असं ज्यांना वाटतं त्यांनीही जरूर या. फक्त काऊन, ते सांगायची तयारी करून या.